कोणता खटका कोणत्या खोलीचा?

दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले की बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमाभागातील मराठी घरांतून रंगसफेदीची लगबग सुरू होते. भिंती खरवडल्या जातात, कपाटे हलविली जातात, आणि मग पाळी येते ती भिंतीवरील विजेच्या बोर्डांची. रंगारी म्हणतो, एवढा बोर्ड सैल करून द्या, म्हणजे कडेने ब्रश नीट फिरेल. घरधनी दारामागच्या पेटीपाशी जातो. पेटीत एकसारखे दिसणारे सहा-आठ खटके ओळीने बसलेले असतात. त्यांपैकी या बोर्डाचा खटका कोणता, हे पेटीवर लिहिलेले नसते, घरातल्या कोणास ठाऊक नसते, आणि ज्या वायरमनने ती पेटी बसविली तो एव्हाना पुण्यास किंवा हैदराबादेस कामाला गेलेला असतो. मग अंदाजाने एक खटका खाली पाडला जातो, पंखा थांबलेला दिसतो, आणि वीज बंद झाली असे समजून स्क्रूड्रायव्हर बोर्डाला लागतो. पंखा थांबला म्हणजे शेजारच्या प्लगाची तारही निर्जीव झाली, हा तर्क किती फसवा आहे, याचा विचार त्या घाईत कोणी करीत नाही.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. या भागातील वाड्यांतून वीज प्रथम खेळू लागली तेव्हा तारा भिंतीच्या अंगावरून जात. लाकडी पट्ट्या भिंतीवर ठोकून त्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी तारांची जोडी बसविलेली असे. बीदरच्या तांबड्या जांभ्या दगडाची भिंत असो की शहाबादकडील फरशीच्या दगडाची, तीत खाच पाडून तार पुरणे हे खर्चाचे आणि कष्टाचे काम होते. त्यामुळे प्लगापासून निघालेली नजर पट्टीच्या मागाने सरकत सरकत मेन स्विचजवळच्या चिनी मातीच्या फ्यूजपर्यंत पोहोचे. फ्यूज उपसून खिशात घातला की काम निर्धास्त चाले, कारण तो खिशात असेतोपर्यंत दुसऱ्या कोणास वीज पुन्हा चालू करण्याची सोयच नसे.

पुढे सिमेंट-विटांची घरे आली. तारा प्लॅस्टिकच्या नळ्यांतून गिलाव्याखाली गेल्या. भिंती देखण्या झाल्या, पण तारांचा माग हरपला. बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील एक भुयारी जलवाहिनी आहे. तिला करेझ म्हणतात. तिच्यातील पाणी भूमीच्या पोटातून वाहते, आणि त्याचा मार्ग वरच्या माणसास कळतो तो जागजागी उघडलेल्या कूपांच्या तोंडांवरून. आजच्या घरातील विजेचेही तसेच झाले आहे. प्रवाह भिंतीच्या पोटातून जातो. माणसास दिसतात ती फक्त त्याची दोन तोंडे, एक भिंतीवरचा प्लग आणि दुसरे पेटीतला खटका. या दोन तोंडांची गाठ कशी घालावयाची, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम हा खटका म्हणजे काय ते पाहावे. त्याचे नाव मिनिएचर सर्किट ब्रेकर. बाजारात आणि बोलण्यात एमसीबी. जर्मनीतील मानहाइम येथील हुगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात तयार झालेल्या अशा खटक्याचे पेटंट १९२४ सालचे आहे. त्याच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची जोडपट्टी. प्रवाह मर्यादेपेक्षा जास्त वेळ जास्त राहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. दुसरे तारेचे वेटोळे. दोन तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकदम उसळला की ते चुंबक बनून क्षणार्धात खटका ओढते. जळालेला फ्यूज नव्या तारेने बांधावा लागे; हा खटका दोष दूर झाल्यावर पुन्हा वर करता येतो. घरोघरी फ्यूजची जागा त्याने घेतली ती या सोयीमुळे.

तथापि या पहारेकऱ्यांची नेमणूक तारेच्या रक्षणासाठी आहे, माणसाच्या नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दिव्यांच्या लाइनवरचा खटका सामान्यतः ६ अँपिअरचा असतो. मनुष्याच्या शरीरातून ३० मिलिअँपिअर प्रवाह काही काळ वाहिला तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. ६ अँपिअर ही त्याच्या २०० पट मात्रा झाली. म्हणजे माणूस तारेला चिकटून प्राणास मुकेल, आणि खटका मात्र आपली मर्यादा ओलांडली गेलेली नाही म्हणून स्वस्थ बसून राहील. माणसासाठी जे उपकरण असते ते निराळे. त्यास आरसीसीबी म्हणतात. घरगुती वापरात ते सहसा ३० मिलिअँपिअरचे असते, आणि जाणारा व परतणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडताच ते वीज तोडते. ज्या घरी ते नाही, त्या घरी चुकीचा खटका पाडून बोर्डात हात घालणाऱ्याच्या पाठीशी कोणीही नसते.

आता गाठ घालण्याची साधने. त्यांतील सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन घरातच असते, ते म्हणजे विजेवर चालणारा रेडिओ. त्यात सेल असतील तर ते आधी काढून ठेवावेत. ज्या प्लगाचा शोध घ्यावयाचा त्यात रेडिओ लावावा, प्लगाचे बटन चालू करावे, आवाज मोठा करावा आणि पेटीपाशी जाऊन एकेक खटका खाली पाडीत जावे. ज्या खटक्यासरशी गाणे थांबेल तो त्या प्लगाचा खटका. तोच वर केल्यावर आवाज पुन्हा आला म्हणजे खात्री पटली. घरात दुसरे माणूस असेल तर रेडिओऐवजी टेबलावरचा दिवाही चालतो. एकाने दिवा पाहावा, दुसऱ्याने खटके पाडावेत. या रीतीचा दोष एवढाच की प्रत्येक प्रयत्नासरशी घरातील काही ना काही बंद पडते. फ्रिज, संगणक, देवघरातला दिवा, आजाऱ्याच्या उशाशी चाललेले एखादे यंत्र, यांपैकी काय कोणत्या खटक्यावर आहे हे तर ठाऊकच नसते. दवाखान्यात, दुकानात किंवा शाळेच्या संगणककक्षात असे खटके पाडीत सुटणे परवडत नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी जे यंत्र निघाले त्यास ब्रेकर फाइंडर, म्हणजे खटका शोधणारे यंत्र, असे म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग प्लगात बसवावयाचा. तो त्या लाइनमधून प्रवाहाचे अत्यंत लहान लहान झटके ठरावीक तालाने घेत राहतो. प्रवाह जेथून जातो तेथे चुंबकीय क्षेत्र उमटते, आणि एमसीबीच्या पोटात तारेचे वेटोळे असल्यामुळे ते तेथे अधिक जाणवते. दुसरा भाग हातात धरावयाचा. तो खटक्यांच्या ओळीवरून सावकाश फिरविला की ज्या खटक्यातून तो ताल वाहत असेल तेथे दिवा लागतो किंवा टिकटिक ऐकू येते. विहिरीच्या एका तोंडाशी हाक मारावी आणि ती कोणत्या तोंडातून उमटते ते कान देऊन ऐकावे, तसाच हा प्रकार. एकही खटका न पाडता उत्तर मिळते, हा त्याचा मोठा गुण.

पण यंत्र घेतले म्हणजे बुद्धी गहाण टाकावी असे नव्हे. आपल्याकडील एक-ध्रुवी एमसीबी रुंदीला अवघा १८ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि असे अनेक खटके एकमेकांस खेटून बसलेले असतात. एका खटक्याचा संकेत शेजारच्यावरही थोडाफार पसरतो. म्हणून बहुतेक यंत्रांत ओळीवरून दोनदा फिरावे लागते. पहिल्या फेरीत यंत्र सर्वांत जोरकस संकेत किती आहे याचे मोजमाप मनाशी ठेवते, आणि दुसऱ्या फेरीत तेवढ्या जोराच्या ठिकाणीच खूण देते. दोन्ही फेऱ्यांत हातातील भाग एकाच बाजूने, एकाच कोनात धरला पाहिजे. तो कलला की उत्तर बदलते. शोध घेताना घरात वीज कंपनीची असावी. इन्व्हर्टरवर घर चालू असताना केलेला शोध फसवा ठरू शकतो. शोधावयाचा बिंदू प्लगाचा नसून दिव्याचा असेल, तर होल्डरमध्ये बसणारा जोड लागतो, आणि आपल्याकडे पिनचा होल्डर रूढ असल्याने तो जोडही पिनचाच हवा.

परदेशी असलेल्या नातलगांकडून येणाऱ्या भेटींविषयी येथे एक सूचना आवश्यक आहे. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट आणि वारंवारता ६० हर्ट्झ असते. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. तेथील दुकानांत मिळणारी बरीचशी शोधयंत्रे त्या दाबापुरतीच बनविलेली असतात. त्यांची चपटी पिन अडॅप्टर लावून आपल्या प्लगात बसविता येते, म्हणून ती बसवावी असे मात्र नाही. जवळजवळ दुप्पट दाब मिळताच असे यंत्र जळेल, आणि ते हातात असताना फुटले तर इजाही होईल. यंत्रावर २३० किंवा २४० व्होल्टचा स्पष्ट उल्लेख असेल तरच ते वापरावे.

याच कामासाठी काही जण एक अघोरी युक्ती करतात. तारेचा तुकडा घेऊन प्लगाच्या दोन भोकांत घालावयाचा. ठिणगी उडते, आणि जो खटका पडेल तो आपला. ही युक्ती कोणी कितीही सफाईने करून दाखविली तरी ती सर्वथा वर्ज्य होय. त्या एका क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह उसळू शकतो, वितळलेल्या तांब्याचे कण डोळ्यांत जाऊ शकतात, जुन्या तारेचे आवरण आतल्या आत करपते. आणि खटका जुना होऊन अडकलेला असेल तर तो पडतच नाही, नळीतली तारच पेटते. उंदीर मारण्यासाठी घराला आग लावण्यातलाच हा प्रकार.

आतापर्यंत ज्या साधनांचा विचार झाला ती सर्व एका प्रश्नाचे उत्तर देतात: या प्लगाचा खटका कोणता? बोर्ड उघडणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न मात्र याहून वेगळा आहे, आणि तो म्हणजे: ही तार या क्षणी निर्जीव आहे काय? हे दोन प्रश्न एकच आहेत अशी समजूत करून घेणे, हेच बहुतेक अपघातांचे मूळ असते. खटका बरोबर सापडूनही तार जिवंत राहू शकते. कशी, ते पाहावे.

पहिला प्रकार एका बोर्डात दोन लाइनी येण्याचा. आपल्याकडे दिवे-पंख्यांची बटने आणि इस्त्री किंवा मिक्सरसाठीचा १६ अँपिअरचा मोठा प्लग एकाच बोर्डावर बसविण्याची प्रथा आहे. दिव्यांची लाइन एका खटक्यावर आणि मोठ्या प्लगाची दुसऱ्यावर असते. पंखा थांबला तरी त्याच पेटीत, चार बोटांवर, दुसरी तार सजीव असते.

दुसरा प्रकार फेज आणि न्यूट्रल यांच्या अदलाबदलीचा. एक-ध्रुवी खटका फक्त एकच तार तोडतो. ती फेजची असावी अशी अपेक्षा असते. पण वायरिंग करताना किंवा मागाहून दुरुस्ती करताना तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर खटका न्यूट्रल तोडतो. दिवा विझतो, रेडिओ थांबतो, आणि फेजची तार मात्र पूर्ण २३० व्होल्टांनिशी तशीच उभी राहते. लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची, हा जुन्या वायरिंगमधला संकेत. पण त्या दिवशी दुकानात जो रंग मिळाला तोच वापरला गेला असण्याचा संभवही कमी नाही.

तिसरा प्रकार इन्व्हर्टरचा. भारनियमनाच्या काळापासून तालुक्याच्या गावांतील पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आले. सावधगिरी म्हणून कोणी मेन स्विचच बंद करतो, आणि आता सर्व घर निर्जीव झाले असे मानतो. प्रत्यक्षात मेन बंद होताच इन्व्हर्टरला वाटते की वीज गेली, आणि तो तत्परतेने आपले काम सुरू करतो. त्याच्या लाइनीवरील प्रत्येक तार बॅटरीच्या बळावर तशीच जिवंत राहते. तेव्हा मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद केला पाहिजे. जनरेटर असेल तर त्याचीही जोडणी तोडली पाहिजे.

चौथा प्रकार या भागातील जुन्या वाड्यांत विशेष आढळण्याजोगा आहे. भावाभावांत वाटणी होते, एका वाड्यात दोन मीटर बसतात, भिंती उभ्या राहतात; पण गिलाव्यातल्या जुन्या तारांची वाटणी कोणी करीत नाही. थोरल्याच्या मीटरवरील लाइन धाकट्याच्या कोठीतला दिवा पेटवीत राहते. धाकट्याने आपले सर्व खटके पाडले तरी तो दिवा विझत नाही. अशा वेळी शोधयंत्र फार उपयोगी पडते. एका पेटीत कोठेच संकेत उमटला नाही, तर तो शेजारच्या पेटीत शोधावयाचा हे कळते, आणि वर्षानुवर्षे कोणाच्या बिलात कोणाची वीज जळत होती याचाही उलगडा होतो. त्यावरून भांडण न होता हिशेब होईल तर उत्तमच.

यास्तव दुसऱ्या प्रश्नासाठी दुसरी साधने हवीत. घराघरांत असतो तो टेस्टर. त्याच्या दांड्यात निऑनचा छोटा दिवा आणि त्याच्याशी जोडलेला मोठा अवरोध असतो. टोक फेजला लागले आणि वरच्या टोपीला बोट टेकले की अत्यल्प प्रवाह शरीरातून जमिनीत जातो आणि दिवा मिणमिणतो. पण हा साक्षीदार नेहमी भरवशाचा नसतो. भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही. रबरी चपला घालून कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास तो पुरता पेटत नाही. उलट, बंद तारेशेजारून दुसरी जिवंत तार जात असेल तर तो उगाच लुकलुकतो. म्हणून टेस्टर पेटला तर तार जिवंत समजावी. पेटला नाही तर तेवढ्यावरून ती मेली असे समजू नये. तारेला न टेकता आवाज देणारी पेनासारखी साधने विद्युत्-क्षेत्र ओळखतात. वरवरच्या तपासणीस ती चांगली. पण त्यांत सेल असतो, तो उतरला की ती मुकी होतात, आणि लोखंडी नळीच्या आतील तार त्यांस कळत नाही.

खरी परीक्षा दोन टोकांच्या दाबमापकाने किंवा मल्टिमीटरने होते, आणि ती जाणत्या वायरमनने करावयाची. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग, अशा तिन्ही जोड्या तपासाव्या लागतात. अदलाबदल झालेली तार येथे सापडते. साधन कोणतेही असो, वापरावयाची रीत एकच. प्रथम ज्या प्लगात वीज निश्चित आहे तेथे साधन लावून ते चालते याची खात्री करावी. मग बंद केलेली तार तपासावी. आणि शेवटी पुन्हा त्या चालू प्लगात लावून मधल्या वेळात साधन बिघडले नाही ना, हे पाहावे. एवढे होईपर्यंत प्रत्येक तार सजीव आहे असेच धरून चालावे. दोरी समजून सापाला हात घालण्यापेक्षा सापासमजुतीने दोरीला चार वेळा काठी लावणे केव्हाही बरे. खटका पाडल्यावर त्यावर चिकटपट्टी लावून 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी अडकवावी. पूर्वीचा खिशातला फ्यूज जे काम करी ते आता या चिठ्ठीने करावयाचे आहे.

येथवर यंत्रांचा विचार झाला. पण यंत्राने मिळालेले उत्तर जर त्याच दिवशी विसरले जावयाचे असेल, तर पुढल्या दिवाळीला शोध पुन्हा मुळापासून सुरू होणार. शोध एकदाच घ्यावा, उत्तर लिहून ठेवावे, आणि ते पेटीच्या झाकणावर चिकटवावे, हा या सर्व विवेचनाचा इत्यर्थ होय. भारतीय वायरिंगच्या मानकांत प्रत्येक वितरण पेटीस लाइनींची यादी जोडावी असे सांगितलेले आहे. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या नियमांतही अशी यादी आवश्यक मानलेली आहे. नियम आहे, उणीव आहे ती दोन तासांच्या चिकाटीची.

सीमाभागात या यादीस आणखी एक अंग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद इत्यादी म्हैसूर राज्यात राहिले. आज पलीकडे महावितरणची वीज आहे. अलीकडे २००२ साली स्थापन झालेल्या गुलबर्गा इलेक्ट्रिसिटी सप्लाय कंपनीची, म्हणजे जेस्कॉमची. दोन्हीकडे दाब तोच, धोका तोच. बदलते ती कागदावरची लिपी. घरात मराठी बोलतात, बिल कन्नडमध्ये येते, वायरमन दखनी बोलणारा असतो, आणि त्याचा मदतनीस कदाचित जहीराबादेकडचा तेलुगू भाषक. घरच्या आजीस कन्नड वाचता येत नाही, आणि कन्नड शाळेत शिकलेल्या तरुण वायरमनला मोडक्यातोडक्या मराठी अक्षरांत लिहिलेले 'माजघर' कळत नाही. कन्नडमधील एकचा आकडा अपुऱ्या वर्तुळासारखा असल्याने मराठी डोळ्यांस तो शून्य वाटावा, असाही प्रसंग येतो.

म्हणून या भागातील यादी सर्वांस वाचता येईल अशी असावी. क्रमांक घालावयाचे ते आंतरराष्ट्रीय अंकांत, कारण खटक्यावर छापलेले आकडे त्याच अंकांत असतात आणि ते सर्वांस परिचित आहेत. त्यापुढे खोलीचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावे: स्वयंपाकघर, अडुगे मने, देवघर, देवर मने. त्यापुढे एक छोटे चित्र काढावे: पंखा, दिवा, पाण्याची मोटर, इस्त्री. ज्यास एकही लिपी येत नाही त्यासही चित्र समजते. भाषेचा अभिमान ज्याचा त्याने जरूर बाळगावा. विजेच्या पेटीवर मात्र जो प्रथम धावत येईल त्याची भाषा थोर मानावी.

यादी करण्यास एक रिकामी सकाळ पुरे. दिवसाउजेडी, दोघांनी मिळून हे काम करावे. प्रथम संगणक नीट बंद करावेत आणि इन्व्हर्टर बंद करावा. घरातील प्रत्येक बोर्डास क्रमांक द्यावा. मग एकेक खटका पाडून कोणकोणते दिवे, पंखे आणि प्लग बंद होतात ते कागदावर टिपावे. बोर्डावरील प्रत्येक प्लग स्वतंत्र तपासावा. एकाच्या उत्तरावरून शेजारच्याचा अंदाज करू नये. जिन्यावरचा दिवा, गोठ्यात नेलेली लाइन, फाटकाजवळचा दिवा, बोअरची मोटर, पाणी तापविण्याचा गीझर, यांचा विसर पडू नये. कारण ओल्या जागेतील लाइनच सर्वांत घातक असते. एखाद्या खटक्याने काहीच बंद झाले नाही तर तो मोकळा आहे असे न समजता त्यापुढे प्रश्नचिन्ह लिहावे. एखादा दिवा कोणत्याच खटक्याने विझला नाही, तर वायरमनला बोलावून त्याचे मूळ शोधून घ्यावे. खटके पाडणे आणि टिपणे हे घरच्यांचे काम. बोर्ड उघडणे हे परवानाधारक वायरमनचे. ही मर्यादा ओलांडू नये. आरसीसीबी असल्यास त्यावरील टी अक्षराचे बटन अधूनमधून दाबून तो पडतो की नाही तेही पाहावे.

यादीच्या माथ्यावर दोन गोष्टी तांबड्या शाईने ठळक लिहाव्यात: मेन कोठे आहे, आणि इन्व्हर्टरचे बटन कोठे आहे. कारण बिकट प्रसंगी पेटीपाशी प्रथम पोहोचणारा वायरमन नसतो. तो घरातला दहा वर्षांचा मुलगा असतो, किंवा भाकरी थापता थापता धावत आलेली सून. न्हाणीघरात कोणी तारेला चिकटलेले असते. त्याला हाताने ओढावयास जाणारा स्वतःही चिकटतो, तेव्हा आधी वीज तोडणे एवढेच हाती असते. त्या वेळी आठ एकसारख्या खटक्यांकडे पाहत कोणी उभे राहिले तर जे क्षण जातात ते परत येत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. शोधयंत्र वर्षातून एकदा लागेल, टेस्टर महिन्यातून एकदा. पण झाकणावरचा तो कागद ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तोच एक माणूस वाचविणार आहे. तो कागद या दिवाळीपूर्वी प्रत्येक घरात चिकटावा.